लग्न ठरलंय, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी झोप लागत नाही (सांगली)

आयर्विनखालचा । रविवार, रात्री १२:४०

नवा आयडी काढून लिहितोय. जुन्या आयडीनं लिहिलं असतं तर इथले माझे दोन मामेभाऊ उद्या सकाळी दारात उभे राहिले असते.

वय २९. गाव पलूसकडचं, नोकरी चाकणला. दिवाळीनंतर सुपारी फुटली. मुलगी तासगावकडची, बी.फार्म. झालेली. लग्न माघात.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मित्राच्या लग्नाआधी आम्ही पाचजण गोव्याला गेलो होतो. तिथं पैसे देऊन एकदा झालं. कंडोम होता. पण शेवटपर्यंत जागेवर होता की निसटला, हे आता आठवत नाही. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. सुपारी फुटली त्या रात्री घरभर पाहुणे झोपलेले, मी गच्चीवर पडलो होतो, आणि सहज मोबाईलवर 'लक्षणं' शोधली. तिथनं जे सुरू झालं ते आजपर्यंत.

महिन्याभरात एचआयव्ही चारदा तपासली. दोनदा पुण्यात, एकदा सांगलीत, एकदा कऱ्हाडला (सांगलीच्या लॅबमध्ये रक्त घेणारा वर्गमित्राचा भाऊ निघाला, म्हणून पुढची कऱ्हाडला). चारही निगेटिव्ह. रिपोर्ट हातात आला की दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी वाटतं, बाटलीवर चिठ्ठी लावताना अदलाबदल झाली असेल तर? माझ्या आधी एक म्हातारे बसले होते, त्यांचं रक्त माझ्या नावावर गेलं असेल तर?

रोज सकाळी गाडीच्या आरशात जीभ बघतो. पांढरी दिसते. काखेत गाठ आहे का हे दाबून दाबून आता काख खरोखर दुखायला लागलीय. खाली बारीक पुटकुळ्या आहेत, ओळीनं. त्या नव्या की जुन्या हे सांगता येत नाही, कारण आधी कधी बघितलंच नव्हतं. आई म्हणते, लग्नाच्या काळजीनं पोरगं वाळलं.

अजून कुठली टेस्ट राहिलीय? आणि तिला सांगायचं का?

भडंग_पार्सल । रविवार, रात्री १२:५८

पलूस, चाकण, तासगाव, बी.फार्म., माघ. भावा, एवढ्यावर मामेभाऊच काय, मंडपवाला पण ओळखेल तुला. आधी गावं बदल.

आयर्विनखालचा । रविवार, रात्री १:०३

बदललीत आधीच. एवढा पण येडा नाही.

सदाचार_७१ । सोमवार, सकाळी ६:१५

करून सवरून आता झोप लागत नाही म्हणे. आमच्या वेळी असली थेरं नव्हती. त्या मुलीच्या आईबापाला कळवलं पाहिजे खरं तर.

जुना_तालीमवाला । सोमवार, सकाळी ७:३०

सदाचारराव, तुमच्या वेळीही थेरं होती, फक्त लिहायला जागा नव्हती. मी तुमच्याच वेळचा आहे म्हणून सांगतो. नव्वदच्या आसपास मिरजेत स्टेशनबाहेर, सांगलीत स्टँडबाहेर तंबू असायचे. बाहेर बाटल्यांत मुळ्या ठेवलेल्या, आत पडदा. भिंतीभिंतीवर 'गुप्तरोग, धातुरोग, एका पुडीत आराम'. मला लघवीला जळजळ व्हायची. लाजेपायी त्या तंबूत गेलो. त्यानं नाडी बघून 'हाडापर्यंत गेलंय' सांगितलं आणि तीन हप्त्यांत साडेतीनशे रुपये काढले. तेव्हा माझा पगार होता अकराशे. शेवटी सिव्हिलला गेलो, तर मुतखडा निघाला! बाईकडे मी कधी गेलोच नव्हतो, तरी दोन महिने मनात कबुलीजबाब देत होतो. काय कबूल करायचं ते मात्र सापडत नव्हतं.

नंतर एड्सचं आलं. त्या दहा वर्षांत आमच्या तालमीतली, ट्रकवरची माणसं झिजून गेलेली बघितलीत. औषधच नव्हतं. सरकारनं फुकट औषधं द्यायला सुरुवात केली ती २००४ ला. आज गोळी वेळच्या वेळी घेणारा माणूस काम करतो, संसार करतो, नातवंडं बघतो.

आणि एक. 'तसल्या बाईकडे गेलो म्हणजे झालाच असणार' असं मनात असेल तर काढून टाक. आपल्याच सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था धंद्यातल्या बायकांबरोबर काम करते. त्या बायकाच एकमेकींना कंडोम वाटायच्या, गिऱ्हाइकाला दम द्यायच्या. कंडोमबद्दल त्यांना जे कळतं ते आपल्या पोरांना बी.ई. होऊनही कळत नाही.

कातडीचा_डॉक्टर । सोमवार, दुपारी २:२०

ओपीडी संपवून लिहितोय. त्वचा-गुप्तरोग हा माझा विषय, आणि लग्नसराईच्या तोंडावर असे पाचसहा जण दर आठवड्याला येतात. केसपेपरवर 'खाज' लिहून येतात. खाज नसते.

पुटकुळ्यांबद्दल आधी. पेशंट ज्याला सुपारी म्हणतात (फुटलेली नव्हे, दुसरी) तिच्या कडेनं एकसारख्या, गोल, ओळीनं बसवल्यासारख्या, न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या अशा असतील तर बहुधा ते मोत्यासारखे दाणे आहेत. शरीराची नैसर्गिक ठेव, वयात आल्यावर दिसणारी. बऱ्याच पुरुषांना असतात, लागत नाहीत, पसरत नाहीत, औषध नको. फोटो कृपया इथे टाकू नका, मला व्यनिही (खासगी निरोप) करू नका. एकदा प्रत्यक्ष दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे. कोबीच्या गड्ड्यासारखी, वाढत जाणारी गाठ असेल तर ती गोष्ट वेगळी, ती दाखवायलाच हवी.

एचआयव्ही. संसर्ग झाल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत जो काळ जातो तो विंडो पिरियड. सरकारी केंद्रातल्या रॅपिड टेस्टसाठी तीन महिने धरतात. लॅबमधली चौथ्या पिढीची टेस्ट साधारण सहा आठवड्यांत सांगते. तुमची पावणेदोन वर्षं झाली. हा प्रश्न पहिल्याच रिपोर्टला मिटला. पुढचे तीन रिपोर्ट तुम्ही तुमच्या डोक्यासाठी काढलेत, रक्तासाठी नव्हे.

तुमच्या यादीत जे नाही तेच खरं तपासायचं राहिलंय. सिफिलिस, म्हणजे जुनी माणसं गरमी म्हणतात तो. त्याचा पहिला फोड दुखत नाही आणि आपोआप जातो, म्हणून माणूस फसतो. त्यासाठी व्हीडीआरएल आणि जोडीला टीपीएचए या रक्ततपासण्या करा. निघालाच तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनानं बरा होतो, आजही. दुसरं, कावीळ ब आणि क. ब साठी एचबीएसएजी. निगेटिव्ह आली तर लस टोचून घ्या, ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. तुमच्या वयाच्या सगळ्यांना ती लहानपणी मिळालेली नाही. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया लघवीच्या तपासणीत सापडतात. परम्यात पुरुषाला बहुतेकदा काही दिवसांतच पू आणि जळजळ होते, क्लॅमिडिया मात्र गुपचूप बसू शकतो. ही तपासणी सगळीकडे होत नाही, बाहेर महाग पडते. करायची का ते तपासणारा डॉक्टर ठरवेल.

जे करू नका ते: लक्षण नसताना हर्पिसची रक्ततपासणी. ओठावर तापाचे फोड आणणारा विषाणूही त्यात दिसतो, आणि निम्मं जग पॉझिटिव्ह निघतं. एचपीव्हीसाठी (बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) पुरुषाची नेहमीची अशी टेस्टच नाही. तो विषाणू बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. होणाऱ्या बायकोनं लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते.

आणि हे धागाकर्त्यासाठी नाही, परवा गोव्याहून आलेला कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी: धोका वाटत असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जा. २८ दिवसांच्या गोळ्या असतात, संसर्ग टाळता येतो. चौथ्या दिवशी या गोळ्यांचा उपयोग नाही.

चिंचणीकर । सोमवार, दुपारी ३:१०

सलूनमधल्या वस्तऱ्यानं होतो का? सिरियसली विचारतोय.

कातडीचा_डॉक्टर । सोमवार, दुपारी ३:३०

एचआयव्ही हवेत फार टिकत नाही. कावीळ ब चा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो, म्हणून नवं पातं लावायला सांगायचं. न्हावी रागावत नाही.

खोली_क्रमांक_नाही । सोमवार, रात्री ९:४५

मी सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. कुठलं ते सांगणार नाही. सांगलीचं सिव्हिल, मिरज मेडिकल, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सगळीकडे आयसीटीसी असतं, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही असतं. धागाकर्त्यानं चार वेळा पैसे भरले, इथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते.

काय होतं ते सांगते, कारण लोक पाटी वाचून दारातूनच परत फिरतात. मी बघते त्यांना. येतात, पाटी वाचतात, मोबाईल कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करत निघून जातात.

आत आल्यावर मी दार लोटून घेते. तुम्ही सांगाल तेवढं ऐकते. कुणाबरोबर, कुठे, लग्न झालंय का, यावर माझ्या तोंडावरची रेष हलत नाही, बारा वर्षांची सवय आहे. मग लेखी संमती. मग तुम्हाला एक नंबर मिळतो आणि रक्ताच्या नळीवर तो नंबर जातो, नाव नाही. (धागाकर्त्या, तुमचे ते म्हातारेबाबा इथेच निकालात निघाले. नळी तुमच्यासमोर, नंबर तुमच्यासमोर.) रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी आणि फक्त तुमच्या हातात. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह आली तरी तिच्यावर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही, वेगवेगळ्या तीन टेस्ट होतात.

सिफिलिस आणि बाकीच्यांसाठी त्याच रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. घरून बोलायचं असेल तर १०९७, फुकट, मराठीत बोलतात.

एक निरीक्षण. ज्यांना खरा धोका असतो ते एकदा येतात, उशिरा येतात. ज्यांना धोका जवळपास नसतो ते पाचदा येतात. पाचव्यांदा आलेल्या मुलाला मी सुई टोचत नाही, खुर्ची देते.

विट्याची । मंगळवार, सकाळी ११:०५

धाग्यावर समुपदेशक ताई सोडल्या तर सगळे पुरुषच दिसताहेत. माझंही लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. मुलगा सहा वर्षं मुंबईत एकटा राहतो. चांगला आहे. पण मला हे सगळं कसं विचारायचं? विचारलं तर 'हिच्याच मनात काहीतरी आहे' असं होणार. आमच्याकडे मुलीनं हळदीचा रंग सांगितला तरी आगाऊ म्हणतात.

मिरजेची_सून । मंगळवार, दुपारी १२:३०

विट्याची, माझी युक्ती घे. मी नवऱ्याला साखरपुड्यानंतर म्हटलं, थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा आनुवंशिक दोष) दोघांनाही असला तर मुलाला जड जाऊ शकतं, म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासून घेऊ. हे शंभर टक्के खरं आहे, कुणाला आक्षेप घेता येत नाही. मग लॅबमध्ये फॉर्म भरताना म्हटलं, सुई एकदाच टोचतेय तर ब्लडग्रुप, एचआयव्ही, कावीळ, व्हीडीआरएल पण करू की. आधी माझ्या फॉर्मवर खुणा केल्या, मग पेन त्याच्याकडे दिलं. त्यानंही केल्या.

सासूबाईंना कळल्यावर म्हणाल्या, 'आम्ही काय गाय बाजारातून आणतोय का, दात बघायला?' मी म्हटलं, आई, तुमच्या लेकाचे पण बघितलेत. आठ दिवस बोलल्या नाहीत. आता नणंदेच्या लग्नात त्यांनीच जावयाला पाठवलं.

विट्याची । मंगळवार, दुपारी १२:४१

आधी माझ्या फॉर्मवर. हे लक्षात ठेवते. थँक्यू ताई.

काळा_कोट । मंगळवार, सायंकाळी ६:००

कायद्याचं थोडं. लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. म्हणून 'मुलीच्या बापाला कळवा' वगैरे सल्ले देणाऱ्यांनी जरा जपून. पण नाण्याची दुसरी बाजू: आपण पॉझिटिव्ह आहोत हे माहीत असताना जोडीदाराला लागू नये याची काळजी घेणं त्याच कायद्यानं तुमच्यावर टाकलंय. १९९८ चा 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' खटला असाच ठरलेलं लग्न मोडल्याचा होता. गुप्तता मोडली म्हणून तो माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. होणाऱ्या बायकोच्या जिवाचा हक्क मोठा, असं न्यायालय म्हणालं. पॉझिटिव्ह माणसाला लग्नाचाच हक्क नाही अशा अर्थाची विधानंही त्या निकालात होती, ती २००२ मध्ये न्यायालयानंच मागे घेतली. सांगून, समजून केलेलं लग्न चालतं. धागाकर्त्याचा प्रश्न इथवर येतच नाही, तो निगेटिव्ह आहे.

वसंतदादा_फॅन । मंगळवार, रात्री १०:१५

व्हीडीआरएलवरून माझा किस्सा. नोकरीच्या मेडिकलमध्ये माझा आला रिॲक्टिव्ह, १:२. लॅबवाल्यानं कागद उलटा करून दिला, टेबलावरून सरकवत. मी तोवर कुणाच्या हातालाही लागलो नव्हतो, ब्रह्मचारी मारुती. मिरजेपासून माधवनगरपर्यंत गाडी कशी चालवली आठवत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ताप आला होता का? पंधरा दिवसांपूर्वी व्हायरल झाला होता. टीपीएचए केली, निगेटिव्ह. तापानं, इतर काही आजारांनी व्हीडीआरएल खोटी येते, तीही अशी कमी आकड्यानं. म्हणून दोन्ही बरोबर कर, भावा.

परत_परत । बुधवार, रात्री १२:२०

सगळे टेस्टचं बोलताहेत. मी डोक्याचं बोलतो, कारण मी हाच माणूस होतो. माझी सात वेळा झाली होती. सात.

माझं तर कारणही फालतू होतं, कॉलेजातली मैत्रीण, नुसतं वरवर. पण डोकं ऐकत नाही. टेस्ट म्हणजे खाजवणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि जखम मोठी होते. जीभ बघणं, गाठ दाबणं, मोबाईलवर शोधणं, 'पण खरंच काही नाही ना?' असं चार जणांना विचारणं (आणि माफ कर, हा धागासुद्धा), सगळं त्याच खाजेत येतं. माझ्या बाबतीत मूळ भीती रोगाची नव्हतीच. मला शिक्षा व्हायला पाहिजे असं वाटत होतं आणि कुणी देत नव्हतं, म्हणून मी लॅबमध्ये मागायला जात होतो.

कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी 'चिंता करू नका' म्हटलंच नाही. वही दिली. जीभ बघावीशी वाटली की वेळ लिहायची आणि वीस मिनिटं थांबायचं. वीस मिनिटांनी वाटलं तर बघायची. पहिल्या दिवशी वहीत ३१ नोंदी. वीस मिनिटं थांबून बघितली २६ वेळा. तिसऱ्या आठवड्यात ९ नोंदी. सोबत गोळी होती, पाच महिने, मग हळूहळू बंद केली. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस आहे, १४४१६, सरकारी, फुकट.

डॉक्टरांनी सांगितलेली सिफिलिस-काविळीची टेस्ट कर. एकदा. मग लॅबचा रस्ता बंद.

भडंग_पार्सल । बुधवार, सकाळी ९:००

पहिल्यांदाच या संस्थळावर शेवटपर्यंत धागा वाचला. तिला सांगायचं का, यावर कुणीच बोललं नाही पण.

जुना_तालीमवाला । बुधवार, सकाळी ९:४०

सगळे रिपोर्ट निगेटिव्ह असतील तर सांगू नये. आपलं ओझं हलकं व्हावं म्हणून तिच्या डोक्यावर द्यायचं, ह्याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत.

मिरजेची_सून । बुधवार, सकाळी १०:१०

काका, तुमचा मान राखून, नाही पटत. तिनं आधीचं काही विचारलं आणि हा खोटं बोलला तर? तपशील नको, हॉटेलचं नाव नको. पण विचारलं तर खोटं नको. आणि ती बी.फार्म. आहे, व्हीडीआरएल म्हणजे काय हे तिला धागाकर्त्याच्या आधी माहीत असणार.

सदाचार_७१ । बुधवार, सकाळी १०:३०

(प्रतिसाद संपादकांनी काढला आहे.)

आयर्विनखालचा । पुढचा सोमवार, रात्री ११:१०

उशीर झाला, माफी. क्रमानं सांगतो.

गुरुवारी कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं (इथले नव्हेत, किंवा असतील, विचारलं नाही). मोत्याचे दाणेच. त्यांनी बघायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. पॅंट वर करायला मला जास्त वेळ लागला.

शुक्रवारी तिला फोन केला. थॅलेसेमियापासून सुरुवात केली, वाक्य पाठ केलं होतं. ती म्हणाली, 'एचबी-ए-टू ना? चालेल. बाकीचं पण करूया.' बाकीचं म्हणजे काय हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग थोडं थांबून म्हणाली, 'तुला काही सांगायचंय का?' मी म्हटलं, हो, एक आहे, लग्नाआधीचं, एकदाच, आणि रिपोर्ट चांगले आहेत. बराच वेळ फोनवर नुसता त्यांच्या म्हशीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, 'मला दोन दिवस दे.' ते दोन दिवस मी कसे काढले ते वहीत आहे. ४४ नोंदी.

रविवारी तिचा मेसेज आला, 'उद्या मिरजेला येते.' आज भेटलो. रांगेत दीड तास. ती माझ्याशी फार बोलली नाही, पण खिडकीवरच्या माणसाला फॉर्ममधली चूक तिनंच दाखवली. दोघांचं रक्त दिलं. एचआयव्ही आजच मिळालं, दोघांचंही निगेटिव्ह. बाकीचे परवा. बाहेर आल्यावर म्हणाली, 'मला अजून राग आहे. बस्त्याला येणार आहे मी, पण राग आहे.' बरोबर आहे तिचं.

लस दोघांनी घ्यायची ठरलीय, रिपोर्ट आले की.

जीभ आज सकाळी बघितली. एकदा. वीस मिनिटं थांबून.

परत_परत । सोमवार, रात्री ११:२५

४४ वरून १. वही टाकू नको अजून.

मिरजेची_सून । सोमवार, रात्री ११:३१

'बाकीचं पण करूया' म्हणणारी पोरगी आहे. तिचा राग सोस गप.

भडंग_पार्सल । सोमवार, रात्री ११:५०

बस्ता कुठं काढताय? आणि हळदीच्या दिवशी आरशात जीभ बघू नको लगा. सांगलीची हळद आहे, पिवळीच दिसणार.